माझ्या निधनाच्या घुगऱ्या

माझं निधन झालं, तेव्हा मी एका खिळखिळ्या बसमध्ये खिडकीशी बसून केळी खात होतो. तब्येत उत्तम होती. भूकही चांगली लागली होती. त्यामुळे आपण गेलो आहोत अशी शंका यायला मला काहीही कारण नव्हतं.

ही हकीकत नव्वदीच्या दशकाच्या अखेरची, आणि इथिओपियातली. मी मूळचा नाचणगावचा. पुलगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. इथिओपियात शिक्षक हवेत अशी वर्तमानपत्रात जाहिरात आली, अर्ज केला, मुलाखत दिली आणि दोन वर्षांच्या करारावर निवड झाली. गावात बातमी पसरली तशी आमच्या शेजारच्या काकांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं.

"काऊन रे, इंग्रजी शिकवाले लोक इंग्लंडले जाते. तू आफ्रिकेले काऊन चाल्ला?"

"काका, इंग्लंडच्या लोकायले इंग्रजी येते. तिथं माझं काय काम?"

"हे बराबर आहे," काका म्हणाले आणि त्यांनी माझं परदेशगमन मंजूर केलं.

आमच्या वाट्याला आलेलं गाव डोंगरावर होतं. (नाव देत नाही. माझ्या तब्येतीविषयी तिथल्या काही लोकांच्या मनात अजूनही शंका असेल.) शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर अल्माझ नावाच्या साठीच्या विधवा बाईंच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. मी नेहमीप्रमाणे कागद घेऊन बेरीज-वजाबाकी केली. भाडं परवडणारं, पाणी दिवसाआड, भाजीबाजार जवळ, डाळी भरपूर आणि चवीलाही ओळखीच्या. सगळं जुळत होतं. न जुळणारी बाब एकच होती, आणि ती माझ्यासमोर बसून आंबोळीसारख्या आंबट इंजेऱ्याचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवत होती.

"अवो, इथं कोनीच येत नाई वो," शोभा म्हणाली. शोभा म्हणजे माझी बायको.

"कोन याले पाह्यजे?"

"कोनीबी! नाचणगावले सकाळपासून दार उघडं राह्यते. कोनी विरजण मागाले येते, कोनी सुनेचं गाऱ्हानं सांगाले येते. इथं दोन महिने होऊन राह्यले, माझ्या घराचा उंबरठा कोनी ओलांडला नाई."

"लोकं सभ्य आहेत वं इथले. रस्त्यात भेटले का वाकून वाकून नमस्कार करते."

"वाकून नमस्कार तं देवाले करते. देवासंग कोनी गप्पा मारते का?"

शोभाला तिथल्या भाषेतले चार शब्द येत होते: पाणी, मीठ, केवढ्याला आणि छान. एवढ्या भांडवलावर सुनेचं गाऱ्हाणं ऐकता येत नाही. शेवटी तिनं निकाल दिला. पहिल्या सत्राच्या सुटीपर्यंत ती वाट पाहणार. जीव रमला तर ठीक, नाहीतर ती एकटी नाचणगावला परत. तिचं परतीचं तिकीट तयारच होतं, फक्त तारीख टाकायची बाकी होती. पंचाईत माझी होती. करार मोडता येत नव्हता आणि स्वयंपाकात मला फक्त पाणी उकळता येत होतं. (तेही बरेचदा उतू जायचं.) शिवाय, हे तिच्यासमोर कधी बोललो नाही, पण शाळेतून आल्यावर दार उघडायला ती नसेल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

तेवढ्यात थंडी पडली. मे महिन्यात पंख्यातूनसुद्धा झळा येतात अशा मुलखातली आम्ही माणसं. मी दिवसभर माकडटोपी आणि मफलर घालून हिंडू लागलो. शोभा साडीवर स्वेटर घालून कुडकुडताना दिसली, तशी अल्माझबाईंनी तिला नेतेला आणून दिला. नेतेला म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती घेतात ती पांढरी, मऊ सुती ओढणी. दोन्ही टोकांना रेशमाचे सुंदर रंगीत काठ. शोभा हरखून गेली. दोन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर आलेला हा पहिलाच आनंद, म्हणून मीही हरखलो.

तिथल्या बायका नेतेला पांघरताना काठ खाली सोडतात. शोभानं तो आपल्याकडच्या पद्धतीनं डोक्यावरून घेतला, आणि काठ बरोबर कपाळावरून गळ्याशी येईल असा बसवला.

"त्या बाया तं काठ खाली सोडते," मी म्हटलं. (मला बारकावे दिसतात. त्यांचा अर्थ कळतोच असं नाही.)

"त्यायले समजत नसंन. एवढा चांगला काठ गुडघ्याशी लोंबत ठेवाले असते का? काठ कसा, तोंडाशी दिसला पाह्यजे."

मला पटलं. नाचणगावात सासऱ्यांसमोर पदर घेणारी कुठलीही सून हेच म्हणाली असती.

दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर तेस्फाये यांनी मला परीक्षेचे पेपर तपासायला जिल्ह्याच्या गावी पाठवलं. काम तीन दिवसांचं. रस्ता घाटाचा, आणि असा की वळणावर ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून छातीवर क्रॉस करायचा. मी शोभाला सांगितलं, "काळजी करू नको." ती म्हणाली, "तुमीच करा. बसमंधी तुमी बसून राह्यले."

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ते इतक्या लोकांनी, इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं मला सांगितलं आहे, की पाहिल्यासारखंच आहे.

मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा पोस्टात गेली. माहेरचं पत्र आलेलं असेल अशी तिला फार आशा होती. पत्र नव्हतं. परतताना तिला रडू आवरेना. म्हणजे गल्लीतल्या लोकांनी काय पाहिलं? नवरा घाटाच्या रस्त्यानं गेलेला. बायको पोस्टातून बाहेर पडते आहे. डोळे लाल. आणि नेतेल्याचा काठ तोंडाशी!

त्या मुलखात बाई काठ तोंडाशी घेते तो एकाच प्रसंगी. घरातलं माणूस गेल्यावर.

अल्माझबाई अंगणात डाळ निवडत होत्या. त्यांनी शोभाकडे पाहिलं, हातातलं सूप टाकलं आणि धावत जाऊन तिला मिठी मारली. मग अशी किंकाळी फोडली की समोरच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली.

शोभाला वाटलं, अल्माझबाईंचंच कुणी गेलं. त्यांचे मोठे भाऊ गेब्रे बरेच दिवस आजारी होते, हे तिला माहीत होतं. मिठी मारून कुणी रडू लागलं की आपणही रडायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्यात दोन महिन्यांचं स्वतःचं रडू साठलेलं. तिनंही गळा काढला. ती रडते हे पाहून अल्माझबाईंना उरलासुरला संशयही राहिला नाही. दोघींचा आवाज ऐकून गल्लीतल्या बायका आल्या. त्याही रडू लागल्या. प्रत्येकीनं शोभाला मिठी मारली, शोभानं प्रत्येकीला. एकही शब्द न कळता सगळं यथासांग चाललं होतं!

शोभाला एकच कोडं पडलं होतं. मयत अल्माझबाईंकडे, आणि बायका आपल्या खोलीत येऊन का बसताहेत? पण आपली खोली मोठी आहे, असा अर्थ तिनं लावला आणि सतरंजी अंथरली. मग ती उठली, तिनं अल्माझबाईंचे डोळे पुसले, पाणी दिलं. त्यांनी तोच पेला तिच्या ओठांना लावला. हिनं तो परत त्यांच्या ओठांना लावला. शेवटी ते पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

दुपारी शोभाला कर्तव्याची आठवण झाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. तिनं पातेलंभर पिठलं आणि भात केला आणि अल्माझबाईंसमोर आणून ठेवला.

अल्माझबाई पातेल्याकडे पाहत राहिल्या. नवरा दरीत पडलाय आणि ही बाई आम्हाला वाढते आहे! त्यांनी पुन्हा हंबरडा फोडला. त्यापाठोपाठ सगळ्यांनी. रडता रडता पिठलं मात्र सगळं संपलं. (हे मला शोभानं आवर्जून सांगितलं.)

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरलो. पेपर वेळेआधी तपासून झाले होते, बेरजा दोनदा पडताळल्या होत्या, मन प्रसन्न होतं. माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढून, मफलर नाकावरून गुंडाळून मी गल्लीच्या तोंडाशी आलो, तर समोर मोठा तंबू! बाकं मांडलेली, माणसं बसलेली, बाजूला चुलाण्यावर मोठं पातेलं. एका अनोळखी माणसानं माझ्या ओंजळीत काहीतरी घातलं. पाहतो तर उकडलेले गहू आणि हरभरे!

घुगऱ्या! माझा जीव सुपाएवढा झाला. आपल्याकडे बारशाला वाटतात त्याच. परमुलखात कुणाच्या तरी घरी पाळणा हलला आणि आपल्याला आमंत्रण नसतानाही घुगऱ्या मिळाल्या, याचं मला फार कौतुक वाटलं. मफलर खाली करून मी एक बोकाणा भरला.

"मुलगा की मुलगी?" मी हसत इंग्रजीत विचारलं.

त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "पुरुष," तो म्हणाला.

इंग्रजी कच्चं आहे, मी मनात नोंद केली. "वा वा! किती दिवसांचा?"

"पंचेचाळीसचा तरी असेल."

"दिवस?"

"वर्षं."

माझं चावणं मंदावलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं बारसं हा काही नवा प्रकार असावा.

"गेला बिचारा," तो म्हणाला. "बस दरीत कोसळली. हिंदुस्थानी मास्तर होता. शाळेत शिकवायचा."

मला मनापासून वाईट वाटलं. आणि रागही आला! या गावात आणखी एक हिंदुस्थानी मास्तर राहत होता आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही! त्याला बायको असेल. शोभाला बोलायला मिळालं असतं. दोघींनी पापड लाटले असते. परतीच्या तिकिटाचा विषयच निघाला नसता!

"कसा होता स्वभावानं?" मी हळहळत विचारलं.

"मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये," असं म्हणून तो लगेच बोलू लागला. "पण फार कडक. माझ्या भाच्याचा अर्धा गुण कापला. का, तर वाक्याच्या शेवटी टिंब दिलं नाही म्हणून."

"बरोबर केलं त्यानं," मी म्हणालो. माणूस तत्त्वाचा दिसत होता. अशा माणसाशी माझं जमलं असतं.

"बायको तिथे बसली आहे. त्या हिरव्या दाराच्या आत."

मी हिरव्या दाराकडे पाहिलं. दार माझं होतं. मग मला त्या टिंबाची आणि त्या भाच्याचीही आठवण झाली.

(माझं वय तेव्हा छत्तीस होतं. हे मी त्या माणसाला नंतर गाठून सांगितलं.)

मी तसाच पुढे गेलो. पुढच्या बाकावर हेडमास्तर तेस्फाये बसले होते. ते भूगोलाच्या मास्तरांना हळू आवाजात सांगत होते, "दहावीचे तास तुम्ही घ्या. नववीचं व्याकरण मात्र कुणीच घ्यायला तयार नाही." म्हणजे माझ्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी निम्मी भरूनसुद्धा झाली होती.

"नववीचं मी घेईन," मी म्हणालो आणि माकडटोपी काढली.

हेडमास्तर इतक्या घाईनं उठले की बाकच उलटं झालं. भूगोलाचे मास्तर त्याच्याबरोबर गेले. कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागलं. अल्माझबाई धावत आल्या, माझ्यासमोर थबकल्या, माझा दंड चिमटून पाहिला, आणि माणूस खरा आहे अशी खात्री पटल्यावर त्याच दंडावर सणसणीत चापट मारली.

गलका ऐकून शोभा बाहेर आली. कपाळावर काठ, हातात उलथनं.

"आले का तुमी? बरं झालं. लवकर हात-पाय धुवा. अल्माबाईचा भाऊ गेला."

मी तंबूकडे पाहिलं. पांढऱ्या दाढीचे गेब्रे काठी टेकून पहिल्या रांगेत बसले होते आणि घुगऱ्या खात होते.

"हा काय बसला!"

"हौ ना! मलेबी तेच समजून नाई राह्यलं," शोभा कुजबुजली. "मघा आले तं मी दचकलीच. मंग म्हनलं, दुसरा भाऊ असंन. पन मंग मेलं कोन?"

"मी."

"काईतरीच काय बोलून राह्यले तिन्हीसांजेचं!"

हेडमास्तरांनी कपडे झटकले आणि उलगडा करायला घेतला. अल्माझबाई सांगत, ते इंग्रजीत मला सांगत, मी वऱ्हाडीत शोभाला सांगे. शोभाचं उत्तर त्याच वाटेनं परत जाई. अल्माझबाईंनी नेतेल्याचा काठ दोन बोटांत धरून दाखवला. घरातलं माणूस गेलं असेल तरच असा घेतात, इथपर्यंत माहिती पोचल्यावर शोभानं तो झटक्यात खाली ओढला. मग तिनं कपाळाला हात लावला.

"अवो, म्हंजे मी यायच्या दुःखात रडून राह्यली होती, आन् हे माझ्या?"

"हौ."

"आन् मी यायले मयताचं जेवन घातलं?"

"हौ. पिठलं."

झालं, मी म्हटलं, आता ही लाजेनं उद्याच तिकिटावर तारीख टाकायला सांगणार. आणि शोभा हसली. आधी बारीक, मग पदर तोंडात कोंबून, मग पदर सोडून देऊन. दोन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. अल्माझबाई क्षणभर पाहत राहिल्या, आणि त्याही हसत सुटल्या. मग सगळ्या बायका. ज्या सतरंजीवर दोन दिवस रडल्या, आत जाऊन तिच्यावरच लोळून हसल्या. हसण्यातसुद्धा एकीलाही शब्द कळत नव्हता.

तंबू, बाकं, पातेली हे सगळं त्यांच्या इद्दिरचं होतं. इद्दिर म्हणजे गल्लीतल्या लोकांनी मयताच्या खर्चासाठी आणि कामांसाठी चालवलेलं मंडळ. आम्ही गावात आल्या आल्या त्यांनी मलाही सभासद होता का, असं विचारलं होतं. मी आकडेमोड करून कळवलं होतं की आम्ही दोनच वर्षांसाठी आलो आहोत आणि त्या मुदतीत मरायचा आमचा विचार नाही. आता मी खाली मान घालून त्यांच्या चिटणिसांकडे गेलो.

"मी तर सभासदही नाही," मी म्हणालो. "तुम्ही एवढं कशाला केलं?"

"सभासद नाही म्हणून तुमच्या बायकोला एकटीला रडू द्यायचं?" चिटणीस म्हणाले.

मी तिथेच सभासद झालो. शिजवलेलं अन्न वाया घालवायचं नाही, म्हणून मग त्याच तंबूत सगळ्यांचं जेवण झालं. अल्माझबाईंनी कॉफीचे दाणे भाजायला घेतले. माझ्या निधनानिमित्त झालेल्या जेवणात मी दोनदा वाढून घेतलं. स्वयंपाक चांगला होता.

सोमवारी शाळेत गेलो. दहावीच्या वर्गात पाऊल टाकलं आणि मुलांच्या चेहऱ्यांवर खरं दुःख दिसलं. मी गेल्याचं त्यांनी धीरानं घेतलं होतं, असं भूगोलाचे मास्तर म्हणाले. परत येण्याची मात्र त्यांच्या मनाची तयारी नव्हती.

घरी तर मला बसायला जागा मिळेना. गल्लीतल्या बायका आता न विचारता आत यायच्या. एक पिठल्याचं पीठ कोणतं ते विचारायला, एक कॉफी घेऊन, एक काठ खाली आहे ना ते तपासायला, आणि एक, मला खात्री आहे, सुनेचं गाऱ्हाणं सांगायला. शोभाचे चार शब्द महिनाभरात चाळीस झाले आणि माझ्यापुढे निघून गेले. मी पेपर तपासायला अंगणात बसू लागलो.

सत्र संपत आलं. मी रोज ठरवायचो विचारायचं, आणि रोज धीर व्हायचा नाही. शेवटी सुटीच्या आधी चार दिवस विचारलं.

"शोभा, तिकिटावर तारीख टाकाची आहे. काय करू?"

"कोनाच्या तिकिटावर?"

"तुया. तू जानार होती ना नाचणगावले."

"मी? काऊन?" ती चकित होऊन म्हणाली. "अल्माबाईच्या पुतनीचं लग्न आहे. गेब्रेभाऊचे पाय दुखून राह्यले, त्यायले शेक द्याचा आहे. मले कुठं सवड आहे?"

मी तिच्याजवळ सरकून बसलो. "म्हंजे तू माझ्यासाठी राह्यली?"

"तुमच्यासाठी काऊन? तुमी तं दोन महिने होतेच की घरात. तेव्हा रमली का मी?" ती नेतेला झटकत म्हणाली. "तुमाले घरची आठवन येत असंन तं जा तुमी. माझी काळजी करू नोका. तुमच्या मागं इथं किती मानसं येते, ते म्या पाह्यलं आहे."

आम्ही तिथे दोन वर्षांसाठी गेलो आणि पाच वर्षं राहिलो. नवीन देशात इतक्या लवकर बस्तान कसं बसवलं, असं लोक अजूनही विचारतात. मी खरं ते सांगतो: मी मेलो तेव्हा माझी बायको तिथे रमली. मी जिवंत परत आलो, पण त्याचा तिच्या रमण्यावर फारसा वाईट परिणाम झाला नाही.